पिवळी टेप

लेक आपल्या बापाला जन्मतःच ओळखते, असं टेलरचं ठाम मत होतं. ते मत अडीच महिने जुनं होतं, लेकीइतकंच. लस टोचायच्या रांगेत तो तिला मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी नातवाला घेऊन आलेले एक आजोबा होते.

“मला बघून हसते बरं का, आजोबा. आईला बघून नाही. आईला बघून तिला फक्त भूक लागते.”

“मग हसवा की.”

“ए ठमे, बघ कोण आहे!... पेंगुळलीय जरा.”

“डोळे तर टक्क उघडे आहेत.”

“परक्यांसमोर लाजते हो.”

“अडीच महिन्यांची? आमच्या तिघी तर लग्नातही लाजल्या नाहीत.”

“रोज दुकानात निघताना वाकलो, की खुदकन हसते. त्यापायी दुकान उशिरा उघडतंय!”

“आज तिची सुट्टी दिसते.”

टेलरने जीभ काढली, भुवया उडवल्या, खोटी शिंकही दिली. लेक ढिम्म.

“मला ओळखत नाही की काय हो ही?”

तेवढ्यात बायको कार्ड भरून आली आणि तिने पिशवीतून टेप काढली.

“अहो, टेप पिशवीतच राहिली तुमची. गळा कसा ओकाबोका दिसतोय!”

“इथे कुणाचं माप घ्यायचंय?”

“बघू ती इकडे,” म्हणत आजोबांनी पिवळी टेप स्वतःच्या गळ्यात घातली आणि ते लेकीकडे वाकले.

लेक खुदकन हसली.

“टेप द्या, आजोबा.”

“राहू दे की थोडा वेळ.”

“द्या म्हणतो ना!”

त्या दिवसापासून टेलर टेप आंघोळीपुरतीच काढतो.