चार वाजताचा रकाना

हॅलो?... हो, धंतोलीच. मीराबाई बोलून राहिली... नमस्कार, रुपरावजी. रजिस्टरचंच ना? मग ऐका. या घरात कानावर पडलेली गोष्ट आजवर उंबरठ्याबाहेर गेली नाही आणि जाणारही नाही... शेजारच्या कांताबाईले? ते तिनं विचारलं म्हणून सांगितलं. ते वेगळं.

नाही, देणार नाही... तुम्ही असाल आपल्या टेलिफोन ग्राहक मंडळाचे सेक्रेटरी. रजिस्टर मी लिहिते, ते माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या कमरेले... हो, हो... अजी, ऐका ना!

बारा घरं आपली. ठरल्या वेळी प्रत्येकानं बाकीच्यांचे नंबर फिरवायचे. घंटी वाजली, एंगेज आला का लाइन डेड, ते चिठ्ठीवर लिहून संध्याकाळी मले द्यायचं. लाइनी किती खराब आहेत ते टेलिफोनच्या साहेबाले दाखवायचं होतं. मी नाही म्हटलं कधी? तीन महिने डायल फिरवून बोटाले घट्टा पडला... पण तेव्हा रजिस्टर वाचनालयाच्या टेबलावर उघडं ठेवायचं ठरलं नव्हतं!

साहेब आकडे बनावट म्हणते?... पाठवा त्याले माझ्याकडे. कूलरसमोर बसवते, चहा देते, पानन् पान दाखवते. त्याले एकट्याले. अख्ख्या धंतोलीले नाही.

नुसतं ‘एंगेज’ लिहिल्यानं काय बिघडते?... रुपरावजी, तुम्ही इंटर सायन्स ना? चार वाजताचा रकाना आठवा. मी कोणाचं नाव घेणार नाही. दोन नंबर रोज चारले एंगेज. साडेचारले दोन्ही मोकळे. रविवारी दोन्ही मोकळे. मागच्या मंगळवारी एक डेड होता, तर दुसरा चारले मोकळा. आता चौथी पास माणूसही बेरीज करीन...

कोणते दोन?... सांगणार नाही... एक आमचाच आहे, त्यात काय लपवायचं... मी? मी काहून बोलीन रोज अर्धा तास, तेही मधुसूदन डॉक्टरशी! त्यांच्याशी तर ती बोलते, आमच्या वरच्या मजल्यावरची... रुपरावजी, तुम्ही फार आतल्या गाठीचे. काढून घेतलं.

घेतलंच तर आता नीट घ्या. जयवंता शाळेत शिकवून येते, चारले माझ्याकडे उतरते, दवाखान्याचा नंबर फिरवते. मी स्वयंपाकघरात जाऊन मिरच्या कुटते. शब्द कानावर पडू नये म्हणून... हो जी, रोज! तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण जात वेगळी दोघांची, अन् तिचा भाऊ चंपतराव. वाचनालयातला पेपर तो जाहिरातींसकट वाचते. त्याच्या हाती हे रजिस्टर पडलं की पोरीची शाळा बंद, जिना बंद.

नंबर काळे करून देते... पुरावा राहत नाही? नको राहू द्या!... लाइनी खराबच राहतील? राहू द्या. मंडळातून नाव काढता? आत्ता काढा, स्पेलिंग सांगू? मोजायले मी माझा फोन दिला होता. तिची चारची वेळ दिली नव्हती... नाही म्हणजे नाही!

काय?... हसून काहून राहिले?

कुठं?... लग्नाच्या नोंदणी कचेरीत? फळ्यावर?... दोघांची? नाव, वय, पत्ता... टाइप करून?... हो, महिनाभर लावावीच लागते म्हणा नोटीस. कायदाच आहे तो... पण चंपतरावनं वाचली तर?... त्यानंच दाखवली तुम्हाले?... लग्नाच्या तारखेले यायचं सांगून गेला?

थांबा, जिन्याकडचं दार लावून येते... हं, बोला.

किती दिवस झाले लावून?... बारा... कांताबाईलेही माहीत? मले बोलली नाही ती... तिनं ठेवलं होय पोटात.

बरं... संध्याकाळी या, रजिस्टर घेऊन जा. येताना एक डबा आणा. साडेतीन किलो तिखट झालं आहे.