कार्डात बसतंय

न्हाई न्हाई भाभी, तुमचं न्हाई बसायचं कार्डात. मी इचारलं ना त्या त्रिंबकला — त्यो खिडकीत बसतो बगा, विम्याच्या कार्डाची कागदं भरणारा, आमच्या नांदूरघाटचाच हाय — म्हणलं, त्या भाभी बी नातवालाच घेऊन आल्यात, डॉक्टर त्योच, काम बी त्येच, मग त्यास्नी कावून पैसे भरायला लावता? तर म्हणतो कसा, काकू, त्यांची सुंता हाय, त्यो रिवाज. तुमच्या सत्यमचा आजार हाय. विमा आजाराला मिळतो. आता घ्या! कातडी तेवढीच, कात्री तीच, बोंबलणार बी दोघं सारखेच — अन् एकाचा रिवाज, एकाचा आजार. मला हसूच आलं. तुमी राग मानू नका हां.

आजार कंचा म्हणता? आजार म्हंजी — आलते तर मी खोकल्यासाठी. दीड वर्साचं लेकरू, छाती घरघर करीत व्हती. डॉक्टरनं छाती बघितली, औषध दिलं, मंग चड्डी काढून बघितलं अन् म्हणला, कातडी मागं सरत न्हाई, काढावी लागंल. म्या लेकराची चड्डी वर वडली. बाहेर येऊन त्रिंबकला म्हणलं, बाबा, खरंच काढायला पाहिजे का रे? तर म्हणला, काकू, कार्डात बसतंय, कशाची काळजी करताव? मुततानी जोर लावतंय का पोरगं? म्हणलं, कुणाचं लावत न्हाई? त्यानं लिहून टाकलं — लघवी तुंबती. चार दिसात मंजुरी! माझा सोमेश्वर अन् सून सायली तिकडं कर्नाटकात ऊसतोडीला गेल्यात, त्याला फोन केला. त्यो म्हणला, आई, गरज नसती तर सरकारनं खर्च केला आसता का? सरकार काय येडं हाय? मला बी पटलं. एवढी शिकलेली माणसं, त्यांनी बघूनच शिक्का मारला आसंल की — आता लेकरू न्हाई बघितलं त्यांनी, लेकरू कुठून बघणार, कागद बघितला. पण बघितला तर खरं!

सायलीला न्हाई पटलं. सोमेश्वरच्या हातून फोन घेतला तिनं, रडाय लागली — आत्याबाई, मी येस्तोवर हात लावू देऊ नका, मी रोज न्हाऊ घालीत व्हते, मला काय दिसलं नसतं का? — मी फोन ठिवून दिला. आज सकाळी कापायच्या कागदावर अंगठा बी दिला. तिला ठावं न्हाई. करून मोकळं व्हावं म्हणलं, ती येस्तोवर भरून बी आलं आसतं.

आँ? काय म्हणलाव? एवढ्या ल्हान पोराची कुणाचीच सरत न्हाई? तुमच्या पाची पोरांची सुंतेआधी अशीच व्हती? अन् काय दुखलं-खुपलं न्हाई कुणाला? — तुमी काय डॉक्टर हाव का भाभी! — न्हाई, तसं न्हवं, पाच वाढवलीत तुमी, तुमाला न्हाई तर कुणाला ठावं आसणार. पण मग कार्डात कावून बसलं आसतं? तेवढं सांगा मला.

कार्डात तर माझी पिशवी बी बसली व्हती. पोटातली वो. एकतीस वर्साची व्हते, अंगावरून जायचं, पोटात कळ यायची, गेले दुसऱ्या एका दवाखान्यात. तिथला म्हणला, ठिवली तर कॅन्सर व्हईल, अन् कार्डात बसतंय. बसतंय म्हणल्यावर म्या बी जाऊन बसले. त्या कागदावर कोणत्या आजाराचं नाव व्हतं, ते मला आजून ठावं न्हाई बगा. कुणी सांगितलं न्हाई, म्या बी इचारलं न्हाई. तवापासून ही कंबर. कोयता धरवत न्हाई, म्हून तर लेकरू माझ्यापाशी ठिवून गेली सायली. माझ्या भरवशावर. मला लई भ्या वाटाय लागलंय भाभी. ह्ये मी कुणाला बोलले न्हवते, तुमाला कावून सांगून बसले —

अगं बया! सरका, सरका, बुरखा उचला तुमचा! मुतलं मेल्यानं! ती नर्सबाई म्हणली व्हती, खालून मोकळंच ठिवा — अवो पण धार बगा की! बाकड्यावरून पार समोरच्या भिंतीपत्तोर गेली! सकाळधरनं घोटभर पाणी दिलं न्हाई अन् ही धार! हसतंय बगा कसं गुलाम.

...

कुठं तुंबती वो भाभी? कुठं तुंबती?

— सत्यम सोमेश्वर म्हणून पुकारलं का आत्ता? हो, आमचंच. आमचंच हाय. आले, आले बाई, थांबा जरा! — भाभी, ती पायताणं द्या माझी हिकडं. औषधाची बाटली? द्या, ती बी घेते, खोकला तर हायेच. त्रिंबक आला तर सांगा, म्हातारी लेकराला मुतायला घेऊन गेली. कुठवर गेली म्हणला, तर म्हणा, नांदूरघाटपत्तोर.