तेवीस घरांची रांग

अहो, मोजली होती हो मी! बोटाने, एकेक! आणि आता सगळे मलाच शिकवतात... तुम्हाला सांगतो, हा नकाशाचा नादच वाईट. तो इंटरनेटवर सगळ्यांचा नकाशा असतो ना, कुणीही भर घालावी, कुणीही दुरुस्ती करावी, पैसा नाही की मान नाही, तसला! निवृत्त झालो तेव्हा ही म्हणाली, "काहीतरी करा बाई, माझ्या मागेमागे फिरू नका." म्हणून धरलं. आधी बागेतले बाक टाकले, मग दिव्याचे खांब, मग म्हटलं, आपलीच गल्ली घेऊ. भिंतीला भिंत लागलेली घरं, तोच दरवाजा, तीच खिडकी, तोच पिवळा रंग... एकेक कोण काढत बसतो? एक लांबलचक पट्टा आखायचा, आकडा टाकायचा, बटण दाबायचं, की झाले खटाखट तुकडे! आकडा तेवढा बरोबर हवा. मी आपल्या दारात उभा राहिलो. डावीकडे अकरा, उजवीकडे बारा. तेवीस! मोजली होती हो मी!

आता ज्या दारात मी उभा, ते दार कोण मोजणार होतं, माझे आजोबा?

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाला. म्हटलं, असेल काही. मग ताई आली, माझी सख्खी मोठी बहीण, वीस वर्षं येतेय! खिडकीतून बघतोय, तर ती सरळ शेजारच्या दारात! "ताई! अगं ताई!" तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. धावत जाऊन आकडा चोवीस केला. तासाभरात परत तेवीस! खाली शेरा: "प्रत्यक्ष पाहणी केली. घरे तेवीस." नकाशावर दुरुस्त्या करणारा हा एक टोपीवाला आहे, फोटोत टोपी घालून बसलेला, भारी काटेकोर. मी लिहिलं, "अहो, मी त्या सुटलेल्या चोविसाव्यात बसलोय!" तर म्हणतो, "घरबसल्या नोंदी करू नयेत."

आणि तो खरंच आला हो, भरदुपारी, टोपी घालून! "...दहा... अकरा..." मी काचेवर थापा मारतोय, आणि त्याने पुढचं पाऊल टाकलं ते थेट शेजाऱ्यांच्या दारापुढे. "बारा." मध्ये जागाच नव्हती त्याला! मोजली होती हो मी... त्यानेही मोजली.

खरं सांगतो, घाबरलो. ही आठ दिवस भावाकडे गेली होती, आज यायची होती. म्हटलं, जगाला नाही सापडलं तरी हिला सापडेल, चाळीस वर्षांचा संसार आहे! सकाळपासून दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसलो. आली. हातात पिशवी, थकलेली. मी हात हलवतोय वेड्यासारखा. ती माझ्यासमोरून गेली, शेजाऱ्यांच्या दाराला किल्ली लावली, आणि तुम्हाला सांगतो... लागली!

पाच मिनिटांत फोन. "अहो, कुठे आहात? मी कधीची घरी आलेय, चहासुद्धा टाकलाय!"

मी वळून बघितलं. आमची शेगडी थंडगार. आणि भिंतीपलीकडे कपबशा वाजतायत.

"अगं, कितव्या घरात आहेस तू?"

"कितव्या म्हणजे? बाराव्या, आपल्या! मोजून आले!"

आता हिच्याशी वाद घालून कधी कुणाचं भलं झालंय? म्हटलं, "आलोच. तेवढं लोकेशन पाठव."