देवघरातली माळ

केयूर: काकू, माझ्या कॉम्प्युटरकडे असं बघू नका ना. बिचाऱ्याने चोरी केल्यासारखं वाटतंय.

रत्नप्रभा: केलीच आहे. त्याचं बाजूचं पत्र्याचं झाकण कुठंय?

केयूर: काढून ठेवलंय. तापतो तो. मुलुंडची हवा काय मी आणली?

रत्नप्रभा: अरे, तो पत्रा काय शोभेचा असतो? आतल्या लहरी बाहेर पसरू नयेत म्हणून असतो. हा माझा खिशातला रेडिओ जवळ नेते, ऐक. ऐकलंस? घर्रर्र.

केयूर: ऐकलं. पण याला नियम असतो हे मला कोण सांगणार?

रत्नप्रभा: मागे छापलंय. चष्मा लाव.

केयूर: थांबा. मराठीत सांगायचं तर, या यंत्राने दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही. आणि दुसऱ्याचा आला तर सोसायचा. काकू, दुसरा नियम मी रोज पाळतो. तुम्ही बेल वाजवता तेव्हा.

रत्नप्रभा: पहिला पाळ, मग माझी बेल वाजणार नाही. गणपतीपासून माझ्या वायरलेस सेटवर नुसती घरघर आहे. देवगडहून रुक्मिणी रोज सकाळी त्यावर हाक मारते, ती ऐकूच येत नाही.

केयूर: मग फोन करा मैत्रिणीला. एवढं काय?

रत्नप्रभा: मे महिन्यात अर्धांगवायू झाला तिला. जीभ वळत नाही. फोनवर नुसती रडते, मग सून फोन काढून घेते. उजवा हात तेवढा शाबूत आहे. मोर्सची कळ दाबत तासभर गप्पा मारते माझ्याशी. तेवढंच बोलणं उरलंय तिचं.

केयूर: आणि व्हॉट्सॲप?

रत्नप्रभा: बारीक अक्षरं दिसत नाहीत तिला, नुसता अंगठा पाठवते. त्यात काय कळणार? कळ दाबते तेव्हा तिचा हात मी ओळखते रे. चिडली की ठोके आखडते, हसू आलं की लांबवते. सेट बिघडलाय असा निरोप सुनेकडे दिलाय, पोचला की नाही देव जाणे.

केयूर: सॉरी काकू. आधी सांगायचंत ना. थांबा, अख्ख्या घराचा मेन स्विच पाडतो. आई ओरडली तर तुम्ही बघा.

(शेजारी, रत्नप्रभाच्या घरी. सेटमधली घरघर चालूच.)

केयूर: माझा फ्रिजसुद्धा बंद आहे. आता बोला.

रत्नप्रभा: मग वरच्या मजल्यावर जाते. तिची वेळ झालीये.

केयूर: आधी तुमचं घर तपासलंत?

रत्नप्रभा: मला शिकवतोस? पहिल्याच दिवशी माझा मेन पाडून सेट बॅटरीवर लावला. आत्ताही पाडूनच तुझ्याकडे आले. काही फरक नाही.

केयूर: मेन पाडलाय, तर देवघरात दिव्यांची माळ कशी लखलखतेय?

रत्नप्रभा: ती इन्व्हर्टरवर आहे. लाइट गेली तरी देव अंधारात नकोत.

केयूर: काकू.

रत्नप्रभा: काय रे?

केयूर: तो खिशातला रेडिओ द्या. माळेच्या प्लगच्या डबीला लावून बघतो.

रत्नप्रभा: अगं बाई. कान किटले माझे, काढ तो तिथून.

केयूर: डबीवर काहीच छापलेलं नाही. नियम नाही, कंपनी नाही.

रत्नप्रभा: ही माळ आणली कुणी?

केयूर: मीच. गणपतीत, स्टेशनबाहेरून. तुम्हीच झकास म्हणाला होतात.

रत्नप्रभा: म्हणजे मी बरोबर दारात आले होते.

केयूर: हे चीटिंग आहे यार. काढू प्लग?

रत्नप्रभा: थांब, समई लावू दे. हं. आता काढ.

केयूर: गेली घरघर. पण हे बारीक टिकटिक काय आहे?

रत्नप्रभा: गप बस जरा.

केयूर: त्याच का?

रत्नप्रभा: तीच. मला हाका मारतेय. रोज मारत असणार रे, आणि मी तुझ्या नावाने बोटं मोडत बसले. फार वाईट वाटतंय मला.

केयूर: मग उत्तर द्या ना.

रत्नप्रभा: सरक, कळ घेऊ दे. हं, दिलं.

केयूर: काय म्हणतायत?

रत्नप्रभा: विचारतेय, मेलीस की काय.

केयूर: तुम्ही काय सांगितलंत?

रत्नप्रभा: शेजारच्या मुलाने प्रेमाने माळ दिली होती, तिच्यात अडकले होते.

केयूर: माझं नाव कशाला सांगता? चिडल्या असतील.

रत्नप्रभा: छे. ठोके बघ किती लांबवतेय.