पोलादपूरच्या हळदीचा सॅक्सोफोन

महाडच्या स्थानकात पोलादपूरची गाडी अजून लागली नव्हती. राहील नावाचा एक प्रवासी बाकाच्या टोकाला अंग चोरून बसला होता. शेजारी एक बाप आणि लेक मांडीवर दोन सॅक्सोफोन घेऊन भांडत होते. एक जुना, काळवंडलेला, आणि दुसऱ्यावर दुपारचे ऊन नुसते थरथरत होते.

"हात लावून बघ, श्रुतिका. हे पितळ हाय का पत्रा?"

"बाबा, नवीन हलकेच येतात."

"चावी बोटानं वाकतेय गो! नुसता झगमगाट, नवरदेवासारखा."

"तुम्ही मुद्दाम वाकवताय!"

"नाते गावाहून आलो त्या गाडीचं तिकीट दे. चावीखाली धरतो, तू दाब. बघ, सुळकन निघालं! चावीखालची गादी भोकावर घट्ट बसत नाय. वारा गळणार, सूर फाटणार."

"तुमच्या जुन्याला तर दोरा बांधलाय!"

"दोरा हाय, पण वारा गळत नाय."

"सकाळपासून नावंच ठेवताय. आज पोलादपूरच्या हळदीत पहिल्यांदा बँडात उभी राहणार मी. वाजवू नको, असं सरळ सांगा ना!"

"वाजव की. कोण नको म्हणतंय?"

"या गळक्या नव्यावर? सगळी हळद हसेल मला."

तेवढ्यात गाडी लागली. बापाने दोरा बांधलेला सॅक्सोफोन लेकीच्या गळ्यात अडकवला आणि नवा स्वतः उचलला.

"बाबा, सूर फाटेल ना तुमचा!"

"माझा फाटला तर म्हणतील, किशोर म्हातारा झाला. तुझा फाटला तर म्हणतील, पोरीचं कामच नाय हे. चढ आधी, जागा धर."