यल्ला आणि शिट्टीच्या मधे

खरं तर हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं, ताई, खेळाच्या सत्यभामा मिसना तसं कबूल केलंय मी — नको, पेन नका ना काढू, हे लिहायचं नाहीये — म्हणजे लिहायचं आहे, पण असं नाही. आधी दार लोटून घेते. आई चहा टाकतेय आणि ईशानी आत ट्रॅकसूट घालतेय, तुम्ही फोटो काढणार म्हणून सकाळपासून केस तीनदा विंचरलेत तिने. वेळ लागेल. तोवर सांगते.

तुम्ही आत्ता टेबलावर ठेवलंत ना ते नव्या माहितीपत्रकाचं पान, ते वाचलं मी. उलटं दिसत होतं तरी वाचलं, सॉरी. आमची कॉन्फरन्स — सहा कॉलेजं, नऊ वर्षं, अकरा खेळ, स्वतःचं एकही मैदान नसताना दर वर्षी स्पर्धा — मला ते पाठच आहे, कारण जुनं माहितीपत्रक ईशानीने आम्हा बहिणींच्या खोलीत भिंतीवर लावलंय. डोंबिवलीच्या हेमामावशीला अजून वाटतं, कॉन्फरन्स म्हणजे भाषणं. फोनवर विचारते, 'ईशानी, यंदा कशावर बोललीस गं?' ईशानी म्हणते, 'मावशी, आय रन, पळते मी,' तर मावशी म्हणते, 'भाषण सोडून?' — हो, आम्ही पण खूप हसलो होतो. पण त्या पानावर खाली, ठळक अक्षरांत, कॉन्फरन्सची सर्वांत मोठी कामगिरी म्हणून जे लिहिलंय — महिला आठशे मीटर, दोन मिनिटं एकवीस सेकंद, ईशानी — ते एकवीस मी केलेत, ताई. ईशानीने नाही. मी.

नाही, मी कुठली पळतेय, मला जिना चढला तरी धाप लागते. मी घड्याळ धरलं होतं. मागच्या फेब्रुवारीत, गुरुवारी, मुलींच्या कॉलेजच्या मैदानावर. त्या दिवशी आत पुरुषांना परवानगी नव्हती आणि वेळ लावणारे सगळे सर पुरुषच — ते गेटबाहेर वॉचमन याकूबचाचांकडे चहा पीत बसले. आत फक्त सत्यभामा मिस आणि दोन घड्याळं, त्यातल्या एकाचा सेल गेलेला. मिस म्हणाल्या, 'ए रिद्धी, तू शांत मुलगी आहेस, तू धर. शिट्टी वाजली की दाब, पहिली मुलगी रेषेवर आली की दाब, बस.' मी शांत आहे म्हणून दिलं त्यांनी. बडबडी असते तर दिलं नसतं, असं मला आता सारखं वाटतं.

मुली रेषेमागे गप्पा मारत होत्या. मिसनी तोंडातली शिट्टी काढली आणि ओरडल्या, 'यल्ला, यल्ला!' — म्हणजे चला, रांगेत या. तुम्हाला माहितीये ना, आपण इथे अरबांचं ऐकून यल्ला कशालाही म्हणतो — जेवायला यल्ला, लिफ्ट आली यल्ला, झोपा आता यल्ला. आणि त्या मुली पळाल्या! सातच्या सात. मिस क्षणभर बघतच राहिल्या, मग हसल्या, मग शिट्टी तोंडात घालून फुंकली. मला सांगितलं होतं शिट्टी वाजली की, म्हणून मी शिट्टी वाजली की दाबलं. सांगितलं तेच केलं ना मी? दाबलं तेव्हा ईशानी पहिल्या वळणाशी पोचत आली होती. मला दिसत होतं. तरी मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही, ताई, वर्गातसुद्धा हजेरीला माझा आवाज टीचरपर्यंत जात नाही.

शेवटी दोन एकवीस. कॉन्फरन्सचा रेकॉर्ड मोडला. सगळ्या नाचायला लागल्या, ईशानी माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मिस माझ्या कानात म्हणाल्या, 'एखादा सेकंद इकडेतिकडे, खलास, कुणाला बोलू नकोस.' जूनमध्ये मिस कोचीला परत गेल्या. एखादा सेकंद नव्हता तो. मी घरी बाथरूममध्ये करून बघितलंय — यल्ला म्हणायचं, बघत राहायचं, हसायचं, शिट्टी. पाच होतात. दर वेळी पाच.

पण रेकॉर्डचं काय, राहू दे ना, असं तुम्ही म्हणाल. मी पण म्हणायचे. पण ईशानी रोज पहाटे पळते आणि घड्याळ मीच धरते. दोन सव्वीस. दोन सत्तावीस. परत सव्वीस. तिला वाटतं, तिचं काहीतरी बिघडलंय. रक्त तपासून झालं, भात बंद झाला, आता पोळी पण एकच. बाबांना म्हणाली, 'आय हॅड इट, बाबा, आता कुठे गेलं?' कुठे जाणार? नव्हतंच ते, ताई! घरात जी गोष्ट नव्हतीच, ती शोधत फिरतेय ती, आणि मी बाजूला उभी राहून आकडे वाचून दाखवते.

आणि मागच्या सोमवारी — हे तर मिसना पण माहीत नाही — ती रेषेवर येऊन खालीच बसली, माझ्याकडे बघायचीसुद्धा हिंमत नव्हती तिच्यात, आणि मी म्हणाले, 'दोन बावीस.' घड्याळात सत्तावीस होते. मी पुसून टाकले. तिने मला उचलून घेतलं, ताई. नहदाच्या कोपऱ्यावर शोरमा खाल्ला आम्ही, महिन्यांनी ती पोटभर जेवली. माझा पण मी तिच्यापुढेच सरकवला.

तुमच्या पानावर सगळ्यात शेवटी लिहिलंय — यंदापासून इलेक्ट्रॉनिक टायमिंग. ते पण कामगिरीतच घातलंय तुम्ही. येत्या शुक्रवारच्या स्पर्धेत. तिथे मी नसणार. तिथे यल्ला चालणार नाही. सगळ्यांसमोर बोर्डवर सत्तावीस येतील, आणि ती म्हणेल, संपले मी. आणि आत्ता सांगितलं तर म्हणेल, वर्षभर तू बघत होतीस? काय सांगू मी तिला? तुम्हीच सांगा. नाही, माहीत आहे, तुम्ही फक्त फोटो आणि दोन ओळी न्यायला आलात, तिकडे देरा भागातल्या ऑफिसात बसून हे सगळं तुम्हाला तरी कसं — पण त्या आकड्यापुढे एक छोटी चांदणी टाकता येईल का? खाली बारीक अक्षरांत, 'वेळ हाताने नोंदवलेली', एवढंच. खोटं नाही होणार ते. ती विचारेल, हे काय, आणि मग कदाचित मला —

अं? आले गं! — नाही, काही नाही, ताईंना पाणी हवं होतं! — ऐकलंत ना, ईशानी काय म्हणतेय? घड्याळ घेऊन ये म्हणतेय. फोटोत तू पण हवीस, तुझ्याशिवाय रेकॉर्ड झालाच नसता — ताई, मला नको फोटोत, तुम्ही सांगा ना तिला, जागा नाही म्हणा, नाहीतर म्हणा की —