पारा सत्तावीसवरच

सर : चौसष्ट लिही.

मुलगी : पण पारा सत्तावीसवर आहे, सर. पाण्यात चुनकळी टाकायच्या आधी सत्तावीस, टाकून दहा मिनिटं झाली तरी सत्तावीस.

सर : पाऱ्याला परीक्षेला बसायचं नाही. तुला उद्या बसायचंय. दोन वाजता सगळ्या वह्या ऑफिसात जाणार. ज्या वहीवर माझी सही नाही, तिच्या मालकिणीला उद्या प्रात्यक्षिकाच्या दारातूनच परत पाठवतील. बेचाळीस जणांनी चौसष्ट लिहिलं. तुझाच हात दुखतोय का?

मुलगी : बेचाळीस जणांनी ते काल घरून लिहून आणलं. प्रयोग आज झाला.

सर : ती आपल्या शाळेची पद्धत आहे. आधी निरीक्षण, मग प्रयोग. वेळ वाचतो.

काका : काचसामानही वाचतं. गेल्या वर्षी निम्म्या पोरांनी प्रयोगच केला नाही. एक परीक्षानळी फुटली नाही की काही नाही.

सर : काका, तुम्ही भांडी धुवा.

काका : धुतोच आहे की. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत.

मुलगी : सर, एकच सांगा. हा चौसष्ट आला कुठून?

सर : आदर्श वहीतून. ती काय, खिळ्याला टांगली आहे. बघ, कसं अक्षर आहे. मोत्यासारखं. प्रत्येक रेघ पट्टीने ओढलेली.

मुलगी : कुणाची वही ती?

सर : होती एक हुशार मुलगी.

काका : तिचा धाकटा आता आठवीत आहे. गेल्या आठवड्यात याच टेबलावर त्याने माझी बरणी फोडली. अक्षर मात्र आईवर गेलेलं नाही.

सर : विषय बदलू नका. तू सिद्धांत सांग. सिद्धांत येतो ना, की फक्त वाद येतो?

मुलगी : येतो ना, सर. कॅल्शियम हा धातू, ऑक्सिजन हा वायू, दोन्ही मूलद्रव्यं. त्यांचं संयुग म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, आपली चुनकळी. चुनखडी भट्टीत भाजभाजून ती करतात, म्हणून भट्टीची ऊर्जा पोटात घेऊन ती बसलेली असते. पाणी पडलं की पाण्याशी संयोग होतो, विरलेला चुना तयार होतो आणि ती सगळा राग बाहेर काढते. उष्मादायी अभिक्रिया. आमच्या शेजारी रंगकाम चाललं होतं, तेव्हा पिंपात चुनकळी टाकली तर पिंप गुरगुरायला लागलं. आमचं मांजर तीन दिवस तिकडे फिरकलं नाही. आणि आपली चुनकळी, सर, पाण्यात गेली आणि सोफ्यावर पाहुणे बसावेत तशी खाली जाऊन बसली.

सर : सिद्धांताप्रमाणे पाणी तापायला हवं. म्हणजे ते तापलेलं आहे. तुझा तापमापक बिघडलाय.

मुलगी : मुठीत धरला, चौतीसपर्यंत चढला. चहात बुडवला, बहात्तर.

काका : माझ्या चहात. तो मग मी प्यायलो नाही.

सर : मग तू चुनकळी कमी घेतलीस.

मुलगी : दुप्पट घेऊन पुन्हा केला. सत्तावीस. काका, ही बाटली कधीची आहे हो?

काका : मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात आली. बावीस वर्षं झाली. आम्ही दोघं एकाच बॅचचे.

मुलगी : आणि हिचं बूच?

काका : काचेचं होतं, ते दोन वर्षांतच फुटलं. तेव्हापासून कागदाचा बोळा लावतो. आताचा बोळा टिकाऊ निघाला, जाड कागदाचा आहे. बदलावाच लागला नाही.

मुलगी : सर, यातली चिमूटभर घेऊन थोडं विरल आम्ल टाकू? चांगली चुनकळी असेल तर बुडबुडे येणार नाहीत.

सर : अभ्यासक्रमात नाही ते.

काका : टाकलं तिने.

मुलगी : बघा, सर. फसफसतंय. कार्बन डायऑक्साइड. म्हणजे बावीस वर्षं ही हवेतली ओल पीत राहिली, विरली, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला आणि पुन्हा चुनखडीच होऊन बसली. जिथून निघाली होती तिथेच. बाटलीवर चुनकळी लिहिलंय, आत जवळजवळ खडू आहे. आणि ऊर्जा म्हणाल तर ती कधीच गेली, रोज थोडी थोडी, या कपाटात. कुणाला चटका बसला नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

काका : तरीच म्हटलं, थंडीत झुरळं याच कपाटात का जमतात.

सर : झालं तुझं?

मुलगी : नवी का मागवत नाही आपण?

सर : मागवून बघ. मागणी गेली की ऑफिस वह्या उघडतं. सगळ्या वह्यांत चौसष्ट. ऑफिस म्हणतं, चुना ठणठणीत आहे, बाटली अर्धी भरलेली आहे, नवी कशाला?

मुलगी : म्हणजे आम्ही चौसष्ट लिहितो म्हणून नवी चुनकळी येत नाही. आणि नवी येत नाही म्हणून आम्ही चौसष्ट लिहितो.

सर : खाली बस.

काका : बरोबर उत्तर आलं की खाली बसवायचं, हे मीही शाळेत पाहिलंय.

सर : हे बघ, मुली. बेचाळीस वह्यांत चौसष्ट आणि एकीत सत्तावीस. बाहेरचे परीक्षक उद्या काय म्हणतील? एक मुलगी चुकली म्हणतील. बेचाळीस चुकले असं कुणी म्हणत नसतं. तुझ्याच भल्याचं सांगतोय.

मुलगी : कळतंय, सर. पण पाचवीपासून मी फक्त उतरवत आलेय. सूक्ष्मदर्शकात कांद्याची साल पाहिली, तेव्हा मला धूळ दिसत होती आणि मी पुस्तकातल्या विटा काढल्या. छान शेरा मिळाला. आज पहिल्यांदा मी काहीतरी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दहा मिनिटं नजर हलवली नाही. ते खोडायला सांगू नका ना.

सर : आता दहाच मिनिटं आहेत. चौसष्ट लिहून सही घे, नाहीतर उद्या घरी बस. आणि ती बाटली बंद कर आधी.

मुलगी : करते. बोळा सुटलाय, पुन्हा नीट गुंडाळते. काका, यावर काहीतरी लिहिलंय.

काका : असेल. रद्दीतला कागद तो.

मुलगी : "चुनकळीचा साठा निकामी झाला आहे. मी स्वतः तीन वेळा प्रयोग केला. तिन्ही वेळा पारा सत्तावीसवरून हलला नाही. न पाहिलेलं निरीक्षण मुलांकडून लिहून घेणं मला जमणार नाही. कृपया अर्धा किलो चुनकळी मिळावी." खाली लाल शाईत शेरा आहे. "मागील सर्व वह्यांत चौसष्ट. नवीन शिक्षकांनी प्रयोग काळजीपूर्वक करावा."

काका : थांब पोरी. पुढचं वाचू नकोस.

मुलगी : पुढे फक्त सही आहे. सर, ही तर...

(सर चष्मा काढून पुसू लागतात. काच केव्हाच स्वच्छ झालेली असते.)

काका : बारा वर्षं झाली त्याला. अर्ज ऑफिसातून परत आला तेव्हा तुम्हीच चुरगळून टोपलीत टाकलात, सर. मला बोळा हवाच होता. बाटलीच्या तोंडाच्या मापाचा होता, म्हणून उचलला. वाचला नव्हता हो मी.

सर : वही आण.

मुलगी : चौसष्ट लिहू, सर?

सर : आधी काय लिहिलंयस ते दाखव.

मुलगी : सुरुवातीला सत्तावीस, शेवटी सत्तावीस.

सर : ही रेघ वाकडी आहे.

मुलगी : पट्टी घेऊन पुन्हा ओढते.

सर : राहू दे. ही घे सही. तारीख तू घाल, मला आज कितवी ते आठवत नाहीये.

काका : दोनला पाच कमी आहेत. वह्या नेऊ ना?

सर : बेचाळीस न्या. हिची मी स्वतः ऑफिसात घेऊन जातो. तो कागदही द्या इकडे.

काका : मग बाटलीला काय लावू?

सर : काही नको. तिचं आता काय जायचं राहिलंय.